पाषाणांचे दफ्तर

नागपूरच्या प्रताप नगरातील कुटुंबाला मुलाबाळांसह सहलीस जावयाचे झाले की रामटेक, पेंच, ताडोबा ही नावे आपोआप ओठांवर येतात. परंतु कोट्यवधी वर्षांपूर्वीचे वृक्ष पाषाणरूपाने जेथे पाहावयास मिळतात असे जीवाश्म उद्यान याच विदर्भात, गडचिरोली जिल्ह्याच्या सिरोंचा तालुक्यात, मौजे वडधम येथे आहे, हे फार थोड्यांच्या ध्यानी असते.

वास्तविक जीवाश्मांच्या अभ्यासाशी नागपूरचे नाते जुने आहे. १८४५ साली येथे आलेले स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी धर्मकार्यातून सवड काढून टाकळीच्या परिसरात, लाव्हाच्या थरांमध्ये अडकलेल्या गाळाच्या खडकांतून बिया, फळे व शिंपले जमविले आणि रॉबर्ट हंटर यांच्यासह १८५५ मध्ये त्यांचा वृत्तान्त लंडनमध्ये प्रसिद्ध केला. वरोऱ्याकडील पिसदुरा गावातील प्राचीन प्राण्यांची प्रचंड हाडेही त्यांनीच उजेडात आणली. १८६३ साली ते पाण्यात बुडून निवर्तले, आणि त्याच साली नागपूरचा ‘अजबबंगला’, म्हणजे मध्यवर्ती संग्रहालय, स्थापन झाला.

वडधमचे पाषाणवृक्ष पाहताना, लाकडाचा दगड कसा होतो, हा मुलांचा पहिला प्रश्न असतो. उन्मळून पडलेला वृक्ष गाळाखाली त्वरित गाडला गेला, तर वायूच्या अभावी त्याचे कुजणे मंदावते. मग भूजलात विरघळलेली सिलिका पेशीपेशींतून झिरपून तेथेच साकळते आणि काष्ठाची जागा पाषाण घेतो, तरीही तंतूंची मूळ रचना पुष्कळदा शाबूत राहते. म्हणूनच अशा ओंडक्यावर लाकडाच्या रेषा दिसतात, पण हात लावताच तो थंड व जड दगड असल्याचे कळते.

टाकळीचे अवशेष सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या, दख्खनच्या ज्वालामुखींच्या काळातील. वडधमचे वृक्ष त्याहून कितीतरी प्राचीन, ज्युरासिक युगातील. म्हणजे चंद्रपूर, आल्लापल्ली करीत सागवनातून दक्षिणेस जाणारा प्रवासी काळातही मागे मागे जात असतो. त्याच युगातील ‘बारापासॉरस’ या महाकाय शाकाहारी डायनोसॉरची हाडे प्राणहितेपलीकडे, आजच्या तेलंगणात मिळाली. १९७५ साली त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झाले आणि त्याचा सांगाडा कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत उभा आहे.

वडधमचा पल्ला लांबचा आहे; तेव्हा आधी अजबबंगला दाखवावा, हिवाळ्याचे दिवस पाहावेत आणि वाटेत मुक्कामाची तजवीज करावी. मुख्य ताकीद मात्र निराळी. जीवाश्माचे मोल तो कोणत्या थरात, कशाच्या सोबतीने सापडला यात असते. जागेवरून हलविलेला तुकडा म्हणजे दफ्तरातून फाडलेला दस्तऐवज, ज्याची साक्ष पुढे कोणीही ग्राह्य धरीत नाही. मुलांना हवी तितकी छायाचित्रे घेऊ द्यावीत, वहीत रेखाटने करू द्यावीत. दगड मात्र एकही उचलू देऊ नये.