आरोग्यसेवकांचे शिक्षण आणि सरकारी खजिना

दारव्हा तालुक्यातील बोरी अरबसारख्या गावी एखाद्या गर्भवतीच्या रक्ताची एचआयव्ही तपासणी करणारी परिचारिका जे ज्ञान व जी दक्षता वापरते, त्यांच्यामागे दिल्लीपासून चालत आलेली एक आर्थिक व्यवस्था उभी असते, हे सहसा ध्यानात येत नाही. १९९२ साली राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा त्याचा मोठा भार जागतिक बँकेच्या कर्जाने उचलला होता. २०२१ ते २०२६ या पाचव्या टप्प्याची १५,४७१.९४ कोटी रुपयांची तरतूद मात्र संपूर्णतः केंद्र सरकारची आहे. या रकमेचा काही भाग राज्याच्या एड्स नियंत्रण संस्थेमार्फत खर्ची पडतो, आणि चाचण्या व औषधे यांबरोबरच समुपदेशक, तंत्रज्ञ, परिचारिका व वैद्य यांच्या प्रशिक्षणाचा खर्चही या रकमेतूनच भागतो.

चाचणीपूर्वी संमती कशी घ्यावी, निदान गुप्त कसे राखावे, मातेकडून अर्भकाकडे होणारा संसर्ग कसा टाळावा आणि दूषित सुई टोचल्यास ७२ तासांच्या आत प्रतिबंधक औषध कसे सुरू करावे, हे या प्रशिक्षणाचे मुख्य विषय. १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आलेल्या एचआयव्ही-एड्सविषयक कायद्याने तर आरोग्यसंस्थांवर कर्मचाऱ्यांना संरक्षक साधने, त्यांच्या वापराचे शिक्षण व हे औषध पुरविण्याचे बंधनच घातले आहे. कर्मचारी बदलतात, उपचारांचे नियमही बदलतात. २०१७ साली निदान होताच उपचार देण्याचे धोरण आले, तेव्हा सर्वांनाच नव्याने शिकावे लागले. म्हणून प्रशिक्षणाची तरतूद एकदाच करून भागत नाही.