‘डेटा’ : दिलेले की घेतलेले?

प्रयोगवहीतील निरीक्षणांच्या तक्त्याला आपण सर्रास ‘डेटा’ म्हणतो. या शब्दाचा मूळ अर्थ मात्र ‘निरीक्षणे’ असा नाही.

लॅटिन भाषेत ‘दरे’ म्हणजे देणे. शाळेच्या संस्कृतात आपण ज्याला क.भू.धा.वि. म्हणतो, तसे या धातूचे रूप विशेष्याच्या लिंगाप्रमाणे बदलते. पुल्लिंगी ‘दतुस’, स्त्रीलिंगी ‘दता’, नपुंसकलिंगी ‘दतुम’. नपुंसकलिंगी अनेकवचनही ‘दता’च. तोच आपला ‘डेटा’, म्हणजे ‘दिलेल्या गोष्टी’. म्हणूनच इंग्रजीत काही जण आजही तो अनेकवचनी मानतात.

स्त्रीलिंगी ‘दता’चीही एक गंमत आहे. रोमन लोक पत्र कोठून व कोणत्या दिवशी रवाना केले ते लिहिताना ‘दता’ (दिले) हा शब्द वापरीत, कारण पत्राला असलेला लॅटिन शब्द स्त्रीलिंगी होता. त्यातूनच इंग्रजीतला ‘डेट’, म्हणजे तारीख, आला.

संस्कृतात ‘दा’ धातूचे हेच रूप ‘दत्त’. लॅटिन आणि संस्कृत एका मूळ भाषेतून आल्या, म्हणून धातू व ‘त’ प्रत्यय दोन्हीकडे सारखे. ‘जात’ला लॅटिनमध्ये ‘नातुस’, तर ‘ज्ञात’ला ‘नोतुस’ अशी भावंडे आहेत. फरक एवढाच, की पाणिनीच्या नियमाप्रमाणे ‘त’ पुढे आला असता ‘दा’चे ‘दद्’ होते. म्हणून ‘दत्त’मध्ये जोडाक्षर दिसते.

हा अर्थ भूमितीत नेमका बसतो. इसवी सनापूर्वी 300च्या सुमारास होऊन गेलेल्या युक्लिडचा 94 प्रमेयांचा एक ग्रंथ लॅटिनमध्ये ‘दता’ याच नावाने ओळखला जातो. काही गोष्टी दिल्या असता आणखी काय ठरते, हा त्याचा विषय. आपण प्रमेयात ‘पक्ष’ लिहितो तो असाच दिलेला असतो. त्यावर शंका घ्यायची नसते.

प्रयोगशाळेत मात्र तसे नाही. लंबकाच्या 20 आंदोलनांना लागणारा वेळ आपल्याला कोणी देत नाही, तो मोजून घ्यावा लागतो. घड्याळ दाबायला झालेला उशीर, आंदोलने मोजताना झालेली चूक हे सारे त्या आकड्यात उतरते. म्हणून तक्ता तपासताना ‘हा आकडा कसा मिळाला?’ असे विद्यार्थ्याला जरूर विचारावे. शेजाऱ्याच्या वहीतून उतरवलेला असेल, तर तो शब्दशः ‘दत्त’च म्हणायचा!