आमचं खकनार

आमचं खकनार बुऱ्हाणपूर जिल्ह्यात, मेळघाटच्या शेजारी. आजी शेवटपर्यंत राजधानी म्हणून नागपूरच सांगायची. तिच्या तरुणपणी ते खरं होतं. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ मुंबई राज्यात गेला, आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. राजधानी भोपाळ झाली. आमच्या सोयरिकी मात्र अजून सातपुड्यापलीकडेच जुळतात.

शेजारी कोरकूंची वस्ती. त्यांची बोली मराठीच्या गोतातली नाही, संथाळी-मुंडारीच्या कुळातली. त्यांच्या सिडोलीबद्दल मला फार आदर वाटतो. गेलेल्या माणसासाठी सागाचा मुंडा म्हणजे स्मृतिखांब कोरायचा, त्यावर सूर्य-चंद्र काढायचे आणि गोतावळ्याला जेवू घालायचं. खर्च मोठा, म्हणून कधी वर्षानुवर्षं थांबतात. लहानपणी मी त्या पंगतीला बसलो होतो. पळसाची पत्रावळ होती, आणि ढोल रात्रभर वाजत होता.