शीव, मोजमाप आणि ज्ञानाचा आकार

ज्ञानाचे तर्कशास्त्र आणि टोपॉलॉजी अर्थात संस्थितिशास्त्र ही वरकरणी परस्परांपासून दूरची क्षेत्रे वाटतात. कारण पहिले ‘अमुक गोष्ट ठाऊक आहे’ अशा विधानांचे नियम शोधते, तर दुसरे लांबी आणि कोन बाजूला ठेवून जवळीक, अंतर्भाग आणि सीमा यांचा विचार करते. तथापि प्रत्यक्ष मोजमापातून काय सिद्ध होऊ शकते, असा प्रश्न विचारला की दोन्हींची सूत्रे एकमेकांशी जुळू लागतात. मुळशी तालुक्यातील सूस हे गाव २०२१ मध्ये पुणे महानगरपालिकेत समाविष्ट झाले, तरी सूस आणि पाषाण यांच्यामधील शीव जमिनीच्या अभिलेखांच्या दृष्टीने अर्थपूर्णच आहे आणि या जुळणीचे स्वरूप तिच्या आधारे नेमके मांडता येते.

उपग्रहांच्या साहाय्याने एखाद्या बिंदूचे स्थान ठरवताना उपकरण नेमका बिंदू देत नाही; आदर्श रूपात विचार केला, तर ज्याच्या आत तो बिंदू आहे असे एक लहानसे वर्तुळ देते. उपकरण अधिक चांगले असेल तर वर्तुळ आक्रसते, पण त्याची त्रिज्या कधीही शून्य होत नाही. बिंदू गावाच्या आत असेल, तर शिवेपासूनचे त्याचे अंतर कितीही कमी असले तरी पुरेशा सूक्ष्म मोजमापाचे वर्तुळ संपूर्णपणे गावातच मावते आणि ‘हा बिंदू सूसमध्ये आहे’ हे विधान सिद्ध होते. बिंदू नेमका शिवेवर असेल, तर मात्र प्रत्येक वर्तुळ दोन्ही गावांत पसरते. ज्या संचातील प्रत्येक बिंदूभोवती त्याच संचात मावणारे वर्तुळ काढता येते, त्याला संस्थितिशास्त्रात विवृत संच म्हणतात. म्हणजेच विवृत संच हे अशा गुणधर्मांचे रूप आहे, जे खरे असल्यास मर्यादित प्रयत्नाने पडताळता येतात.

विवृत संचांचे नियमही या अर्थाने सहज उलगडतात. कितीही, अगदी अनंत, विवृत संचांचा संयोग विवृत असतो, कारण अनेक पर्यायांपैकी एक पडताळला गेला तरी काम भागते; परंतु छेद मात्र सांत संख्येतील संचांचाच विवृत राहण्याची हमी असते. बिंदू शिवेपासून एक मीटरच्या आत आहे, एक सेंटिमीटरच्या आत आहे, एक मिलिमीटरच्या आत आहे, यांपैकी प्रत्येक विधान खरे असल्यास पडताळता येते, पण तो नेमका शिवेवर आहे असे म्हणण्यासाठी अशी अनंत विधाने एकाच वेळी सिद्ध करावी लागतील.

आल्फ्रेड टार्स्की आणि जे. सी. सी. मॅकिन्सी यांनी १९४४ मध्ये ‘संस्थितीचे बीजगणित’ या विषयावर प्रसिद्ध केलेल्या निबंधाने या नात्याचा गणिती पाया घातला. संचातून त्याचा अंतर्भाग, म्हणजे ज्यांच्याभोवती त्याच संचात मावणारे वर्तुळ काढता येते असे बिंदू, काढण्याची क्रिया आणि अनिवार्यतेच्या तर्कशास्त्रातील ‘एस-४’ ही प्रणाली यांचे नियम एकच आहेत, हे त्यांच्या कार्यातून स्पष्ट झाले. पुढे १९६२ मध्ये फिनलंडचे तत्त्वज्ञ याक्को हिंतिक्का यांनी ज्ञान आणि समजूत यांचे तर्कशास्त्र मांडताना ज्ञानासाठीही याच प्रकारचे नियम स्वीकारले. अंतर्भाग मूळ संचातच असतो, हे ‘जे ज्ञात आहे ते खरे असते’ या नियमाचे रूप होय. आणि अंतर्भागाचा अंतर्भाग तोच राहतो, हे ‘जे ज्ञात आहे ते ज्ञात असल्याचेही ज्ञात असते’ या नियमाचे. याउलट, ‘जे अज्ञात आहे ते अज्ञात असल्याचेही ज्ञात असते’ हा नियम येथे टिकत नाही: शिवेवरचा बिंदू गावाच्या अंतर्भागात नसतो, पण तो तेथे नाही हे कोणतेही मोजमाप सिद्ध करू शकत नाही.

मात्र या मांडणीत प्रयत्नाची भूमिका अध्याहृतच राहिली होती. पालनपूर येथे जन्मलेले आणि अमेरिकेत अध्यापन करणारे तर्कशास्त्रज्ञ रोहित पारिख यांनी लॉरेन्स मॉस यांच्यासमवेत १९९२ मध्ये ती स्पष्टपणे पुढे आणली. त्यांच्या पद्धतीत प्रत्येक परिस्थिती म्हणजे प्रत्यक्ष बिंदू आणि त्याभोवतीचा, सध्याचे निरीक्षण ज्यापलीकडे जाऊ शकत नाही असा संच, यांची जोडी असते. त्या संचातील सर्व बिंदूंबाबत जे खरे ते ‘ज्ञात’, आणि संच आक्रसवणे म्हणजे ‘प्रयत्न’. त्यामुळे ‘ज्ञात आहे’ आणि ‘प्रयत्नांती ज्ञात होऊ शकते’ ही दोन विधाने एकाच भाषेत, पण वेगवेगळी लिहिता येतात.

संगणकशास्त्रात या भेदाला विशेष महत्त्व आहे. एखादा प्रोग्राम थांबतो, हे तो चालवून कधी ना कधी सिद्ध होते, पण तो कधीच थांबणार नाही, हे केवळ वाट पाहून कळत नाही. आणि सर्व प्रोग्रामना लागू पडेल अशी निर्णयपद्धतीही असू शकत नाही, हे ॲलन ट्युरिंग यांनी १९३६ मध्ये मांडलेल्या कामातून निष्पन्न होते. ‘थांबणे’ हा गुणधर्म अशा रीतीने विवृत संचासारखा वागतो आणि त्याचा नकार तसा वागत नाही.

यावरून अज्ञानाचे दोन प्रकार वेगळे काढता येतात. शिवेच्या जवळच्या, पण तिच्यावर नसलेल्या बिंदूबाबतचे अज्ञान चांगल्या उपकरणाने दूर होते, म्हणून तेथे मोजणी पुन्हा करणे योग्य ठरते. नेमक्या शिवेवरच्या बिंदूबाबतचे अज्ञान मात्र कोणत्याही उपकरणाने दूर होत नाही, म्हणून तो बिंदू कोणत्या गावाचा मानावा हे मोजणीऐवजी नियमानेच ठरवावे लागते.