उतारावरचा ट्रॅक्टर आणि टायरची पकड

चाकणहून राजगुरुनगर ओलांडून वाड्याच्या बाजूला, किंवा कामशेतहून पवनेच्या खोऱ्यात शिरले की सपाट जमीन संपते. वर मुरमाड उतार, खाली भाताची खाचरे. पावसाळ्यात तिकडच्या ट्रॅक्टरवाल्याची तक्रार ठरलेली असते: चाक जागेवर फिरते, गाडी चढत नाही. त्यावर दुकानात एकच उत्तर मिळते, नवा टायर घाला. टायर, पंक्चर, रिमोल्ड आणि वेल्डिंगच्या कामात आपले अनेक बांधव आहेत, म्हणून हा विषय आम्ही घेत आहोत. नवा टायर हा शेवटचा उपाय आहे, पहिला नव्हे.

प्रथम हवा पाहावी. ट्रक-टेंपोच्या सवयीने आपली मुले ट्रॅक्टरच्या मागच्या चाकातही टणक हवा भरतात. असा टायर मातीवर थोडाच टेकतो. शेतकामाला मागे साधारण 12 ते 16 पौंड हवा पुरते. नेमका आकडा ट्रॅक्टरच्या पुस्तकात असतो. लोणावळ्याकडे पर्यटकांना फिरवणाऱ्या एटीव्हीचे फुगीर टायर तर 4 ते 7 पौंडांवर चालतात, चिखलातून त्या निघतात त्याचे अर्धे कारण हेच. मात्र हवा फार कमी झाली तर टायर रिमवर सरकतो आणि ट्यूबचा नोजल तुटतो.

मग टायरची दिशा. मागून पाहिले असता गट्टूंचे टोक वरच्या बाजूला असले पाहिजे. टायर उलटा बसला तर चिखल बाहेर फेकला न जाता गट्टूंत भरून राहतो. घाईत ही चूक होते, आणि गिऱ्हाईक दोष टायरला देते.

चाक किती घसरते हे मोजायला यंत्र लागत नाही. टायरवर खडूची खूण करावी. नांगर उचलून चाकाचे 10 फेरे होतील एवढे अंतर जमिनीवर आखावे. मग नांगर मातीत घालून तेच अंतर तोडावे. साडेअकराच्या आसपास फेरे लागले तर ठीक. साडेबारा लागले तर घसरण 20 टक्के झाली. डिझेल आणि टायर दोन्ही वाया जात आहेत, वजन वाढवावे. साडेदहाच लागले तर वजन गरजेपेक्षा जास्त आहे.

वजन वाढवण्याचा स्वस्त मार्ग म्हणजे टायरात पाणी. चाक जॅकवर उचलून नोजल अगदी वर आणावा, हवा निघायला वाट ठेवून नोजलच्या पातळीपर्यंत, म्हणजे सुमारे तीन चतुर्थांश, पाणी भरावे आणि उरलेल्या जागेत हवा. मोठ्या टायरात शंभर किलोच्या वर वजन वाढते. दोन्ही बाजूंना सारखेच भरावे. थंड देशांत पाणी गोठू नये म्हणून त्यात कॅल्शियम क्लोराइड घालतात. मावळात त्याची गरज नाही. रिमवर रंगाने 'पाणी' असे लिहून ठेवावे, नाहीतर पुढचा पंक्चरवाला नेहमीच्या अंदाजाने चाक उतरवायला जाईल आणि ते त्याच्याच पायावर येईल.

एकच चाक फिरत असेल तर डिफरन्शियल लॉकचे पेडल आहे, पण वळण्यापूर्वी ते सोडलेच पाहिजे. चिखलणीसाठी लोखंडी केज व्हील उत्तम. ती डांबरी रस्त्यावर चालवू नयेत.

आता गिऱ्हाईक विचारत नाही ती गोष्ट. पकड वाढली म्हणजे उतार सुरक्षित झाला असे नाही, उलट एक धोका वाढतो. ओंडका किंवा अडकलेली ट्रॉली ओढताना साखळी वरच्या लिंकला बांधली, तर पुढची चाके उचलतात आणि ट्रॅक्टर चालकावर उलटतो. घसरणारे चाक निदान जागेवर फिरून जोर सोडते; घट्ट धरलेले चाक सोडत नाही. साखळी नेहमी खालच्या ड्रॉबारलाच बांधावी, आणि पुढे वजने लावावीत. आडव्या उतारावर काम असेल तर मागच्या चाकांच्या डिस्क उलटवून रुंदी वाढवता येते. हे काम तासाभराचे आहे, आणि त्याची मजुरी मागायला संकोच नको.

चालकावरच्या संरक्षक चौकटीबद्दल मात्र वेल्डर बांधवांना स्पष्ट सांगतो. घरच्या पाइपाची चौकट उन्हाच्या छतासाठी करून द्यावी, पण ती उलटल्यावर वाचवील असे गिऱ्हाइकाला सांगू नये. चाचणी झालेली कंपनीची चौकट बसवावी, आणि सोबत पट्टाही.