दोनशे रुपयांचा हिशेब

खोपोलीच्या एका कारखान्यात मी हिशेबनीस होतो. निवृत्तीपूर्वीच्या वर्षांत पगारपत्रकावर दरमहा २०० रुपये व्यवसाय कर कापलेला असे, फेब्रुवारीत ३००. वर्षाचे २५००. इतरांच्या पगारातून तो मीच कापत असे. हा पैसा जातो कोठे, हा प्रश्न मात्र मला कधी पडला नाही.

तो पडला २०२४च्या विधानसभा निवडणुकीत. जूनच्या अर्थसंकल्पात 'माझी लाडकी बहीण' योजना जाहीर झाली: २१ ते ६५ वयाच्या, अडीच लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या स्त्रियांना दरमहा १५०० रुपये. आचारसंहितेपूर्वीच नोव्हेंबरपर्यंतचे हप्ते खात्यात पडले. विरोधकांनी ३००० देऊ केले, तर सत्ताधाऱ्यांनी २१००. कर्जत लोकलच्या डब्यात एकच वाक्य ऐकू येई : "आमच्या कराच्या पैशावर ही खैरात." मीही मान डोलावली.

मग जुने कायदे काढून वाचले. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमीची कल्पना आधी तासगाव तालुक्यातील विसापूरला आजमावली गेली. १९७२च्या दुष्काळात तिचा विस्तार झाला. १९७५ साली व्यवसाय कर आला तो याच कामासाठी. शहरातल्या पगारदाराने भरायचे, तेवढीच भर शासनाने घालायची आणि त्यातून खेड्यातल्या मजुराला काम द्यायचे. १९७७चा हमी कायदा २६ जानेवारी १९७९पासून अमलात आला. मागूनही पंधरा दिवसांत काम मिळाले नाही, तर बेकारी भत्ता. २००५च्या केंद्रीय कायद्यातही हे तत्त्व आले.

म्हणजे मी कापलेले दोनशे रुपये खैरातीचे नव्हते. दोन वर्गांमधला तो करार होता, आणि त्यात घेणाऱ्याला मागण्याचा हक्क होता.

तो करार आमच्याकडे कसा चालतो? कर्जत-खालापूरच्या वाड्यांवरील कातकरी कुटुंबांकडे जमीन नाहीच म्हणावी इतकी थोडी. भातकापणी संपली की काम संपते. हमीचे काम हवे तर ग्रामपंचायतीत 'नमुना ४' भरायचा, तारखेची पोच घ्यायची. पोच नसेल तर पंधरा दिवस मोजायचे कोठून? काम मिळालेच तर हजेरीपट, मोजमाप, मग बँक. वीटभट्टीवाला मात्र पावसाळ्यातच, घरात दाणा नसताना, उचल हातावर ठेवतो. ती फेडायला सगळे कुटुंब भट्टीवर जाते आणि पावसाच्या तोंडावर परतते. मुलांची शाळा तेवढे महिने सुटते. २०२४मध्ये भाऊबीज ३ नोव्हेंबरला होती आणि मतदान २० नोव्हेंबरला. म्हणजे नेमके वाड्या रिकाम्या होण्याच्या दिवसांत.

माझ्या ओळखीच्या एका कातकरी बाईला मी पंधराशेंबद्दल विचारले. ती म्हणाली, "येतात ते दुकानाच्या उधारीत जातात. कामाचा कागद कुठं द्यायचा ते सांगा ना, भाऊ."

२०१२मध्ये अमेरिकेत अध्यक्षपदाचे उमेदवार मिट रॉम्नी धनिक देणगीदारांसमोर म्हणाले होते, की ४७ टक्के लोक सरकारवर अवलंबून आहेत आणि ते काही झाले तरी ओबामांनाच मत देणार. हे चित्रण बाहेर आले, गदारोळ झाला, पुढे ते हरले. आपल्याकडे असे व्यासपीठावरून कोणी बोलत नाही. तिथे सगळेच वाढवून द्यायला तयार असतात. तुच्छता लोकलच्या डब्यात राहते. बेकारीबद्दल मात्र दोन्हीकडे शांतता असते.

पंधराशे रुपये वाईट नाहीत. बाईच्या स्वतःच्या खात्यात पैसे येणे ही मोठीच गोष्ट आहे. पण हप्ता सुरू करणे आणि थांबवणे सरकारच्या हाती असते. निवडणुकीनंतरच्या पडताळणीत २६ लाखांहून अधिक स्त्रियांचा लाभ थांबवण्यात आला. हमीच्या कायद्यात सरकार देणेकरी असते. हप्त्यात ते दाते होते. दात्याला मत मिळते, देणेकऱ्याला तगादा. कोणते राजकारण सोयीचे, हे उघड आहे.

त्या बाईबरोबर मी ग्रामपंचायतीत गेलो. अर्ज घेतला गेला. पोच "नंतर देऊ" म्हणाले. अजून मिळालेली नाही. यंदाही भाऊबीज झाली की वाडीवर भट्टीवाल्याचा टेम्पो येईल. उचल तिने श्रावणातच घेतली आहे.