दुकान-कारखान्यासाठी राउटर घेताना

१ एप्रिल २०१८ पासून राज्याबाहेर जाणाऱ्या ५० हजार रुपयांवरील मालाला ई-वे बिल लागते. भिवंडी-मालेगावच्या कापडवाल्यांना हे सांगायला नको. ऐन वेळी इंटरनेट बंद पडले की भरलेला टेम्पो दारात उभा राहतो आणि भाडे चढत जाते. असे असूनही ज्या डबीवर हे सारे काम चालते तो राउटर निवडताना आपले व्यापारी बंधू फारसा विचार करीत नाहीत. लाइनवाला बसवून जातो तोच वर्षानुवर्षे चालतो, नाहीतर बाजारात अँटेना मोजून नवा घेतला जातो.

अँटेना आणि खोक्यावर छापलेला वेग यांना भुलू नये. तो आकडा म्हणजे राउटरच्या सर्व पट्ट्यांच्या कमाल वेगाची बेरीज. एकट्या मोबाइलला तो कधीच मिळत नाही. मात्र पोर्ट गिगाबिट आहेत का, हे जरूर विचारावे. लाइन २०० एमबीपीएसची आणि पोर्ट १०० चे असले, तर अर्ध्या लाइनचे पैसे फुकट जातात.

खरी काळजी वेगळीच आहे. दुकानात हिशेबाचा संगणक, कॅमेरे, कारागिरांचे मोबाइल आणि चहा घेता घेता पासवर्ड मागणारे गिऱ्हाईक, सगळे एकाच वायफायवर असतात. गिऱ्हाइकाला नाही म्हणणे आपल्याला जमत नाही, आणि म्हणूही नये. पण त्याच्या मोबाइलमध्ये व्हायरस असेल तर तो त्याच जाळ्यातील आपल्या हिशेबाच्या संगणकापर्यंत पोहोचू पाहतो. म्हणून पाहुण्यांसाठी वेगळे ‘गेस्ट’ वायफाय देणारा राउटरच घ्यावा. ‘व्हीलॅन’ची सोय असेल तर अधिक चांगले, तिच्यामुळे एकाच राउटरवर हिशेब, कॅमेरे आणि पाहुणे असे स्वतंत्र कप्पे करता येतात. कॅमेऱ्यांना वेगळा कप्पा द्यावाच. ऑक्टोबर २०१६ मध्ये अमेरिकेतील अनेक मोठ्या वेबसाइट बंद पडल्या, तो हल्ला ‘मिराई’ नावाच्या व्हायरसने जगभरच्या कॅमेऱ्यांमधून आणि राउटरमधून चढवला होता. कारखान्यातून आलेले पासवर्ड कुणी बदललेच नव्हते, एवढेच त्याला पुरले.

दुसरी गोष्ट, कंपनी त्या मॉडेलसाठी नवे सॉफ्टवेअर किती वर्षे देणार? हा प्रश्न विचारला की विक्रेते गप्प होतात, पण विचारावाच. मायक्रोटिक कंपनीच्या राउटरमध्ये एक दोष निघाला, एप्रिल २०१८ मध्ये कंपनीने दुरुस्तीही दिली. ज्यांनी ती घातली नाही, त्यांच्यापैकी ब्राझीलमधील हजारो राउटर ऑगस्टमध्ये चोरांच्या ताब्यात गेले आणि त्यांच्या गिऱ्हाइकांच्या संगणकांवर चोरांसाठी आभासी चलन तयार होऊ लागले. तेव्हा आपोआप अपडेट होणारे मॉडेल मिळाले तर चार पैसे जास्त द्यायला हरकत नाही.

ज्यांचे काम तासभरही थांबू शकत नाही, त्यांनी दोन लाइन घेणारा, म्हणजे ‘ड्युअल वॅन’ राउटर पाहावा. एक लाइन गेली की तो स्वतः दुसरीवर जातो. मात्र दोन्ही लाइन एकाच कंपनीच्या घेण्यात अर्थ नाही, कारण रस्ता खोदला की दोन्ही एकदमच तुटतात. दुसरी सिमकार्डावरची चालते. वीज जाते तिथे राउटरसाठी छोटा यूपीएसही हवा, आणि फायबरची डबी वेगळी असेल तर तीही त्यावरच जोडावी. नाहीतर राउटर चालू आणि लाइन मेलेली.

आता जागेविषयी. लोखंडी कपाट, पत्र्याची भिंत आणि जाड विटा वायफाय अडवतात, ५ गिगाहर्ट्झला तर फारच. हिशेबाच्या संगणकाला सरळ तारच ओढावी. एका तारेची मर्यादा १०० मीटर आहे, एवढे मोठे शेड आपल्यापैकी थोड्यांचेच असेल.